आतल्या बाजूचं माप

शोभनाचं पत्र चार महिने माझ्याकडे पडून होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र हरवलं नव्हतं. ते कुठे आहे ते मला झोपेतही सांगता आलं असतं. पुलांच्या पायाबांधणीवरचं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे आहे, त्यात पान दोनशे बारा आणि दोनशे तेराच्या मधे. रोज सकाळी चहा झाला की मी ते पुस्तक काढायचो, पत्र वाचायचो, परत ठेवायचो. पत्र एवढंच होतं –

'टिल्लू,

केदारची बदली कॅलिफोर्नियाला झाली आहे. जूनमध्ये इथलं डब्लिनचं घर विकणार. तो म्हणतो, आई, तू आमच्याबरोबर चल. मी अजून हो म्हटलेलं नाही. मला ॲन आर्बरला यायचं आहे. तुमच्याकडे. पाहुणी म्हणून नाही.

हो की नाही ते कागदावर लिहा आणि खाली सही करा. फोन करू नका, फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता. मार्चअखेरपर्यंत वाट बघेन.

– शोभना (कामानिमित्त ओळख झालेली)'

कंसातले ते तीन शब्द तिने का लिहिले ते पुढे सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

मी मोहन टिल्लू. तेव्हा वय सदुसष्ट. तीस वर्षं मिशिगनमधले पूल बांधले, तपासले. माणसांशी बोलणं मला कधी नीट जमलं नाही, पुस्तकांशी जमतं. कुमुद, माझी बायको, जाऊन सात वर्षं झाली होती. ती असताना आमच्या दोघांच्या वाटचं तीच बोलायची. अशा माणसाने प्रेमकथा लिहायला घ्यावी का, हा प्रश्न मलाही पडतो. पण आता घेतलीच आहे.

*

दोन हजार पाच सालचा जुलै महिना. त्याच्या आदल्याच महिन्यात माझा जुना सहकारी नंदू याने मला एक काम दिलं होतं.

"मोहन, नुसता पुस्तकं चघळत बसतोस. एका दिवसाचं काम आहे. एक जुना बार्न बघून ये आणि रिपोर्ट दे."

गावाबाहेर वीस मैलांवर डोरथी नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाईंचं शेत होतं. शेताच्या कडेला दगडी बार्न – धान्य आणि गवत साठवायचं भलं मोठं कोठार. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या यॉर्कशरमधून आलेल्या एका गवंड्याने ते बांधलं होतं, आपल्या गावाकडे बांधत तसंच्या तसं. आता टाउनशिपला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, रस्ता रुंद करायचा होता आणि बार्न आडवा येत होता. डोरथीबाई पाडू देत नव्हत्या. तो धोकादायक आहे असं कुणा इंजिनिअरने लिहून दिलं की प्रश्न मिटणार होता.

मी गेलो. शिडी लावली, भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. चौदा फुटांत भिंत आतल्या बाजूला पाच इंच कललेली! चारी भिंतींचं तेच. मी लिहून टाकलं – भिंती ओळंब्यात नाहीत, इमारत धोकादायक आहे. खाली सही केली आणि माझा इंजिनिअरचा शिक्का उमटवला. मग लक्षात आलं, ओळंबा तिथेच राहिला. पितळी ओळंबा. पहिल्या पगारात पुण्याच्या बोहरी आळीत घेतलेला.

तो आणायला म्हणून जुलैतल्या एका बुधवारी गेलो... आणि गाडीतून उतरतोय तोच आभाळ फुटलं. मिशिगनचा उन्हाळी पाऊस – गार, आडवा, बोट दाखवून अंगावर येणारा. मी पळत बार्नच्या दारात शिरलो, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि तोंडातून निघालं, "अरे बापरे!"

"मराठी?" अंधारातून आवाज आला.

डोळे सरावले तेव्हा दिसलं – शिडीच्या पाचव्या पायरीवर एक बाई उभ्या होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, जीन्स, अंगात पुरुषी शर्ट, कानामागे पेन्सिल. आणि हातात दोरी... दोरीच्या टोकाला माझा ओळंबा.

"तो... तो माझा आहे," मी म्हणालो.

त्या शिडीवरूनच माझ्याकडे बघत राहिल्या. "अच्छा! म्हणजे डोरथीकडे पडलेला तो मूर्ख रिपोर्ट लिहिणारे तुम्हीच?"

"मूर्ख?"

"बरं, घाईचा म्हणते. तुम्ही आतून मोजलंत का हो?"

"तेव्हा आत गवताच्या गंज्या होत्या. आणि... वटवाघळं."

"घाबरलात?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "थोडा," म्हणालो.

त्या हसल्या. ते हसणं त्या रिकाम्या बार्नमधे वरपर्यंत गेलं आणि तुळयांना लागून परत आलं. कानांत ऊन उतरावं तसं मला झालं. सदुसष्टाव्या वर्षी असं काही होतं हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

"या इकडे, इंजिनिअरसाहेब. धरा दोरी. वटवाघळांकडे मी बघते."

मी शिडीच्या खाली उभा राहिलो. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. बाहेर पाऊस, आत गवताचा जुना गोड वास. मग त्यांनी पट्टी लावली. आतून भिंत पाच इंच कललेली होती – पण उलटीकडे. बाहेरच्या बाजूला.

मी पट्टीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. आणि माझे कान तापले.

"खाली जाडी तीस इंच, वर वीस," त्या म्हणाल्या. "आलं लक्षात? ही एक भिंत नाहीच. दोन आहेत. मुद्दाम एकमेकींकडे झुकवून बांधलेल्या, मधे बारीक दगडांचा भराव. आणि हे बघा, हे मधेमधे पुढे आलेले लांब दगड – हे आरपार गेलेत. त्यांनी दोघींना धरून ठेवलंय. तुमच्या काँक्रीटसारखी सरळ उभी राहायला ही काय शाळेतली मुलगी आहे?"

"मी जन्मभर काँक्रीटच मोजलं," मी म्हणालो. "वरची जाडी मोजावी हे सुचलंच नाही."

"चूक कबूल करायची बरीच सवय दिसते तुम्हाला."

"चुका करायची सवय आहे, म्हणून."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं... आणि ओळंबा माझ्या तळहातावर ठेवला. पितळ त्यांच्या हाताने कोमट झालं होतं.

*

शोभना पिंपळखुटे. माहेर अमरावतीजवळचं, मोठ्या शेतीचं. नागपूरला आर्किटेक्चर शिकली. नवरा डॉक्टर, लग्नानंतर सात वर्षं यॉर्कशरमधे. तो हॉस्पिटलात असायचा तेव्हा ही बाबागाडीत केदारला घालून गावोगावचे दगडी बार्न मोजत हिंडायची. मग ओहायोमधलं डब्लिन. नवरा जाऊनही दहा वर्षं झाली होती. आता ती भाचीच्या बाळंतपणाला ॲन आर्बरला आली होती आणि रस्त्यावरून जाताना मिशिगनच्या शेतात यॉर्कशर उभं दिसल्यावर तिने गाडी थांबवली होती.

"सकाळी बाळाचं तेल, आंघोळ, धुरी. दुपारी तीनला बाळ झोपतं. तीन ते पाच मी मोकळी," ती म्हणाली. "डोरथीला पूर्ण नकाशा करून द्यायचाय. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा."

त्यानंतर दर बुधवारी मी दोरीचं दुसरं टोक धरलं. नंतर बुधवार आणि शुक्रवार. नंतर वार मोजायचं सोडून दिलं.

बार्नला समोरासमोर दोन अवाढव्य दारं होती, भरल्या गाडीसकट आत यावं एवढी. "एवढी दारं कशाला?" मी विचारलं.

"खळं आहे हो हे!" तिने पायाखालच्या फळ्यांवर टाच आपटली. "आमच्याकडे उघड्यावर असतं, तिपाईवर उभं राहून वाऱ्यावर उपणायचं. त्यांच्याकडे सदा पाऊस. म्हणून खळं घरात घेतलं आणि वाऱ्याला दोन दारं दिली. थांबा, दाखवते."

तिने दोन्ही दारं उघडली. वारा या दारातून त्या दारात सरळ धावला. तिने कोपऱ्यातला मूठभर भुसा उचलून वर उधळला आणि तो सगळा माझ्या डोक्यावर येऊन बसला.

"शोभनाताई, अहो..."

"ताई?" तिने कमरेवर हात ठेवले. "माझ्या सख्ख्या भावांनीही मला कधी ताई म्हटलं नाही."

"मग... काय म्हणू?"

"विचार करा. घाई नाही. तुमचे घाईचे रिपोर्ट मी वाचलेत." असं म्हणत तिने माझ्या केसांतली एक काडी काढली. मग दुसरी. तिसरी काढायला तिला जरा वेळच लागला.

"शोभना," मी म्हणालो.

"हं. ओळंब्यात आहे."

उंचावर, त्रिकोणी भिंतीत एक छोटी चौकोनी खिडकी होती. ती घुबडांसाठी, हे मला तिने सांगितलं. धान्य खाणाऱ्या उंदरांना घुबडं खातात, म्हणून गवंडी त्यांच्यासाठी दार ठेवूनच बांधायचे. भिंतींतले झरोके बाहेरून बोटभर, आतून हातभर रुंद – वारा आत यावा, पाऊस येऊ नये. मी घरी येऊन पुस्तकं चाळायचो, तिला सांगण्यासारखं काही सापडतं का बघायचो. सापडलं तरी सांगायचो नाही. ती बोलत असताना मधे बोलावंसं वाटायचं नाही.

एकदा ती म्हणाली, "भाची विचारते, मावशी, रोज कुठे जातेस? मी सांगितलं, एका माणसाला भेटायला."

माझ्या हातून पट्टी पडली. "असं... सरळ सांगितलंत?"

"मग काय वाकडं सांगू? एकसष्टची आहे मी. नवऱ्याचं केलं, मुलाचं केलं, आता भाचीचंही करतेय, आनंदाने करतेय. पण तीन ते पाच माझे आहेत. त्यांचा हिशोब मी कुणाला देणार नाही. तुम्ही देता?"

मी पट्टी उचलली. "मला कुणी विचारतच नाही," म्हणालो. ते खरं होतं. आणि कुणी विचारलं तर मी काय सांगेन, हे मला माहीत नव्हतं.

*

ऑगस्टच्या शेवटी टाउनशिपची सभा होती. बार्न पाडायचा की नाही, त्यावर मतदान होणार होतं. त्यांच्याकडे माझा रिपोर्ट होता.

"तुम्हाला यायची सक्ती नाही," शोभना म्हणाली. "मी नकाशे दाखवेन."

मी आदल्या दिवसापर्यंत न जायचं ठरवलं होतं. पण त्या संध्याकाळी पाय मला घेऊन गेले असं म्हणू का? नाही. मीच गेलो. उठून उभा राहिलो आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

अध्यक्षांनी माझा कागद वर धरला. "मिस्टर टिल्लू, ही सही तुमचीच ना?"

"सही माझी आहे," मी म्हणालो. "चूकही माझी आहे. मी भिंत फक्त बाहेरून मोजली होती. नंतर आतून मोजली. ती पडत नाहीये. ती जशी बांधली तशीच उभी आहे, दीडशे वर्षं. तुम्ही-आम्ही सगळे गेल्यावरही राहील."

"म्हणजे तुमचा रिपोर्ट चुकीचा?"

"हो."

"हे लोकांसमोर सांगताना तुम्हाला काही वाटत नाही?"

"खूप वाटतं," मी म्हणालो. "पण चुकीचा शिक्का मारून घरी बसलो तर जास्त वाटेल."

आयुष्यात पहिल्यांदाच एवढी वाक्यं मी न थांबता बोललो होतो. चार विरुद्ध तीन मतांनी बार्न वाचला. रस्त्याला तिथे वळण द्यायचं ठरलं. डोरथीबाईंनी माझे दोन्ही गाल दाबले. शोभना लांबून बघत होती. ती जवळ आली. पार्किंग लॉटमधे, दिव्याखाली, सगळ्यांच्या देखत तिने माझा हात हातात घेतला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

"आज तुम्ही मला फार आवडलात," ती म्हणाली. "उद्या घाबराल, ते माहीत आहे. पण आज आवडलात."

तिला माणसांचीही मापं बरोबर कळत होती.

सप्टेंबरात ती डब्लिनला परत गेली. फोन व्हायचे, ती बोलायची, मी 'हं' म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर तासभर तो 'हं' पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसायचो. मग नोव्हेंबरच्या पाच तारखेला आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. ती तीन तास ड्राइव्ह करून आली. गर्द जांभळी साडी, आखूड पांढरे केस, आणि कानामागे... पेन्सिल नव्हती म्हणून मला उगीच चुकल्यासारखं झालं.

फराळाच्या रांगेत गिरीशने गाठलं. हा मंडळाचा खजिनदार, आवाज मोठा. "काय मोहनराव! या कोण? ओळख तरी करून द्या!" पाच-सहा माना वळल्या. त्यांतली एक कुमुदच्या मैत्रिणीची होती.

शोभना माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती, हसत.

"या... या पिंपळखुटे मॅडम," मी म्हणालो. "कामानिमित्त ओळख झाली."

तिचं हसू गेलं नाही. नुसतं जागच्या जागी थांबलं. तिने गिरीशला नमस्कार केला, चकलीची स्तुती केली, मध्यंतरात डोरथीकडे जायचंय म्हणाली आणि निघाली. मी दारापर्यंत गेलो. तिने गाडी सुरू केली, काच खाली केली.

"टिल्लू, सभेत परक्या माणसांसमोर खरं बोललात. आपल्या माणसांसमोर नाही जमलं का?"

मी म्हणालो, "हं."

दहा दिवसांनी ते पत्र आलं.

*

मी उत्तर लिहिलं नाही असं नाही. अकरा वेळा लिहिलं. एकात फार पाल्हाळ झालं, एकात नुसती क्षमा. एकात चंद्र आला, तो मी लगेच फाडला. दोन वेळा तर पाकीट घराबाहेरच्या टपालपेटीत ठेवलं, पत्र न्यायचंय हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला... आणि तो यायच्या आत जाऊन झेंडा खाली केला, पाकीट परत आणलं. या वयात, या पोटावर, या न बोलण्यावर कुणी आपलं उरलेलं आयुष्य टाकावं का? ती येईल आणि महिन्याभरात कंटाळेल. नोव्हेंबर गेला, बर्फ आला, राहिला, घाण झाला, वितळू लागला. मार्चची अठरा तारीख उजाडली.

त्या दिवशी आसावरी, माझी मुलगी, नेपरव्हिलहून गाडीत खोकी भरून आली. रिकामी खोकी.

"बाबा, सरप्राइज! आमच्या घरापासून दहा मिनिटांवर सीनियर अपार्टमेंट मिळालंय. ट्रेन स्टेशन जवळ, लायब्ररी जवळ. मी डिपॉझिट देऊन टाकलं."

"मी... हो म्हटलं होतं का?"

"मी तीन वेळा फोनवर विचारलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणजे मी ओके समजले." ती पुस्तकं कपाटातून खोक्यात भरत होती. "तुम्ही नेहमी तसंच करता ना."

मी चहाचा कप घेऊन उभा होतो. आपण बोलत नाही तेव्हा काय होतं, ते माझ्यासमोर खोक्यांत भरलं जात होतं. मी न बोलणं म्हणजे थांबणं असं समजत होतो. लोक त्याला उत्तर समजत होते. डब्लिनमधे एक बाई चार महिने तेच उत्तर वाचत बसली असेल.

तेवढ्यात आसावरीच्या हातातल्या जाड पुस्तकातून पत्र खाली पडलं. तिने उचललं. वाचायचं नव्हतं तिला. पण पाच ओळी उचलता उचलताच वाचून होतात.

"बाबा, सीरियसली?"

"हो," मी म्हणालो.

"ही बाई कोण आहे? आणि 'तुमच्याकडे' म्हणजे काय? इथे? आईच्या किचनमधे?" तिचा आवाज चिरकला. "लोक काय म्हणतील याचा विचार केलात? या वयात?"

"चार महिने तोच केला. दुसरं काहीच केलं नाही."

"आणि आई?"

मी खुर्चीत बसलो. हे अवघड होतं, आणि ते तिलाही अवघड होतं, म्हणून मी सावकाश बोललो. "तुझी आई आजारी असताना मला म्हणाली होती, माझ्यामागे कुणाशी तरी बोलत जा. सात वर्षं मी तिचं ते ऐकलं नाही. मग एक माणूस भेटलं ज्याच्याशी बोलावंसं वाटलं. आसावरी, मी नेपरव्हिलला येत नाही. तुझ्याकडे येईन, सणाला येईन, तू आजारी पडलीस तर धावत येईन. पण राहायला येणार नाही. डिपॉझिट परत मिळत नसेल तर मी भरून देईन. नाही म्हणजे नाही."

ती माझ्याकडे टपालातून दुसऱ्याच कुणाचे बाबा आल्यासारखी बघत राहिली. मग खोकं सोडून स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली.

मी टेबलाशी बसलो. अकरा कागद प्रेमपत्रं लिहायला गेलो म्हणून फसले होते. मला ती येत नाहीत. मला एकच गोष्ट लिहिता येते. मी कोरा कागद घेतला –

'दुरुस्त अहवाल.

दिनांक ५ नोव्हेंबर २००५ रोजी मंडळाच्या हॉलमधे, सहा व्यक्तींसमोर, मी आपल्याविषयी केलेलं विधान चुकीचं होतं. ते फक्त बाहेरच्या बाजूने घेतलेल्या मापावर आधारलेलं होतं. आतली बाजू मोजायला मी घाबरलो. या वेळी वटवाघळंही नव्हती.

आतून मोजलं असता असं आढळलं की मी जुलैपासून तुमच्याकडे झुकलेला आहे. हे झुकणं पडण्याचं लक्षण नाही. त्याच्यामुळेच मी उभा आहे.

निष्कर्ष : हो.

शिफारस : जूनपर्यंत थांबू नये. गुढीपाडव्याला मंडळाचा कार्यक्रम आहे. गिरीशशी ओळख पुन्हा, नीट करून द्यायची आहे.

सही माझी. चूकही माझी.

– मोहन'

आणि खाली मी माझा इंजिनिअरचा शिक्का मारला. कायद्याने हे चालतं की नाही ते माहीत नाही. नसेल चालत तर न चालो.

टपालपेटीत पाकीट ठेवलं, लाल झेंडा वर केला, आणि या वेळी घरात परत गेलो नाही. तिथेच उभा राहिलो – माझ्यावर माझाच पहारा. अंगात नुसता स्वेटर. कडेच्या बर्फातून पाणी गळत होतं.

दहा मिनिटांनी दार वाजलं. आसावरीने माझं जॅकेट आणून माझ्या खांद्यांवर टाकलं.

"मला हे अजून अजिबात आवडलेलं नाहीये, ओके?"

"माहीत आहे."

"आणि त्या आल्या तरी आईचे डबे कुणी हलवायचे नाहीत."

"त्यांना सांगेन. त्या जुन्या गोष्टी वाचवणाऱ्या आहेत."

मग पेटीचं झाकण उघडून तिने पाकिटाकडे बघितलं. "बाबा, एक पुरतो. तुम्ही तीन स्टॅम्प लावलेत."

"जाऊ दे नीट."

साडेअकराला पोस्टाची पांढरी गाडी आली. पोस्टमनने पाकीट घेतलं, सवयीने झेंडा खाली केला, "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि गेला. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली.

मी हात पुढे केला आणि झेंडा पुन्हा वर केला.

"बाबा," आसावरी म्हणाली, "आता पेटी रिकामी आहे."

"असू दे," मी म्हणालो. "राहू दे तसाच."